‘समजलं का?’ विचारलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात

चित्रकथी

मी चित्रं काढून पोट भरते. मुलांची पुस्तकं, दिवाळी अंकांची सजावट, मधूनमधून आरोग्याचे तक्ते. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने (नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत) मेळघाटातल्या बायकांसाठी लोहाच्या गोळ्यांवर चित्रपट्टी करून मागितली. बहुतेकींना वाचता येत नाही, तेव्हा शब्द नकोत, नुसती चित्रं. मी खूश. चार चौकटी केल्या. पहिलीत दमलेली गरोदर बाई, दुसरीत ती लाल गोळी घेतेय, तिसरीत ताठ चालतेय आणि चौथीत तिच्या मांडीवर गुटगुटीत, गोल गालांचं बाळ.

धारणीकडच्या एका गावात अंगणवाडीच्या ओट्यावर पंधरा-सोळा कोरकू बायका जमल्या. कार्यकर्तीने चौकटीवर बोट ठेवत ठेवत सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, ‘समजलं का?’ सगळ्या ‘हो’ म्हणाल्या. चहा झाला, आम्ही निघालो. एक म्हातारी फाट्यापर्यंत आमच्यासोबत चालत आली. तिला कामापुरतं हिंदी येत होतं. मी सहज पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आजी, आता तुम्ही मला सांगा यात काय आहे.

तिने थेट चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं. गोळी खाल्ली की पोर एवढं मोठं होतं, म्हणाली. मग ते बाहेर कसं यायचं? बाई मरेल ना.

मी बक्षीस म्हणून काढलेलं बाळ हीच त्यांची भीती होती. ती मी रंगीत करून, छापून, वर लॅमिनेट करून घरोघर वाटली होती.

पोटातलं बाळ मोठं झालं की बाळंतपण अडतं, म्हणून शेवटच्या महिन्यांत बाईने बेताने खावं, ही समजूत फक्त आदिवासींची नाही. माझ्या आजीच्या तोंडीही होती आणि आम्ही सदाशिव पेठेतले. पण विचार केल्यावर मला ती आजी पूर्णपणे चूक वाटेना. सिझेरियन होईल अशा जागी पोहोचायला जिथे तीन-चार तास लागतात, तिथे अडलेलं बाळंतपण म्हणजे मरणच. तिचा हिशेब तिच्या जगातला होता. चुकीचा तुकडा एकच: ती गोळी बाळाला फुगवायला नसते, आईच्या अंगात रक्त राखायला असते. बाळंतपणात रक्त गेलं तरी बाई तगावी म्हणून असते. आणि नेमकी तीच चौकट मी काढली नव्हती.

तेव्हापासून ‘आरोग्य माहिती साक्षरता’ या जड शब्दाखाली काय काय येतं ते जमेल तसं वाचतेय. डॉन नटबीम नावाच्या अभ्यासकाने २००० साली याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिली, लिहिलेलं-सांगितलेलं कळणं. दुसरी, त्याबद्दल बोलता येणं, विचारता येणं. तिसरी, ते खरं की खोटं आणि आपल्या कामाचं आहे का, हे तोलता येणं. आपल्याकडे सगळा जोर पहिलीवर. २०११ च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जमातींच्या बायकांमध्ये साक्षरता ४९ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे निम्म्याहून जास्त जणींना वाचता येत नव्हतं. ते खरंच. पण माझ्या पट्टीत वाचायचं काहीच नव्हतं, तरी ती फसली. अडचण दुसऱ्या पायरीवर होती. त्या ओट्यावर एकीनेही ‘पण पोर मोठं झालं तर?’ असं विचारलं नाही, कारण विचारायची जागाच आम्ही ठेवली नव्हती. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ सोडून दुसरं सभ्य उत्तर असतं का?

इथे या कामातली माणसं आहेत, त्या भागातली आहेत. तुमचे अनुभव सांगा. कुठे फसलं, कुठे जमलं.

गणित_कच्चं

छान लिहिलंय. पण शाळा वाढल्या की हे आपोआप सुटेल ना? पुढची पिढी शिकतेय.

चित्रकथी

@गणित_कच्चं, सुटेल थोडं. माझी बहीण एम.कॉम. आहे. तिने गरोदरपणात पपई खाल्ली नाही, ग्रहणात सुरीला हात लावला नाही आणि व्हॉट्सॲपवर आलेला काढा मात्र प्यायली.

गटप्रवर्तक

ताई, तुमची आजी खरं बोलली. मी आशांची (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) गटप्रवर्तक आहे. तालुका सांगत नाही, नोकरी कंत्राटी आहे :)

गोळ्यांचं सांगते. कार्डावर १८० गोळ्यांची नोंद असते आणि पाकिटं छपराच्या वाशात खोचलेली सापडतात. ‘खाते का?’ म्हटलं तर ‘खाते.’ मी आता तसं विचारणं सोडलं. मी विचारते, संडास काळी होते का गं? खाणारी लगेच सांगते, हो, घाबरलेच होते. नाही खाल्ली ती माझ्याकडे बघत राहते. लोहाच्या गोळीने संडास काळी होते, पहिले दिवस मळमळतं, हे आधी सांगितलेलं नसलं तर बाई चौथ्या दिवशी बंद करते. तिला वाटतं आतून काहीतरी जळतंय. तुम्ही रक्तवाढीवर अर्धा तास बोला, त्यापेक्षा ‘काळी होईल, घाबरू नको’ हे एक वाक्य जास्त गोळ्या पोटात घालतं.

त्यात कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत, आणि ती लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही. चहाबरोबरही लोहाची घ्यायची नाही. बाई पहाटे उठून रानात जाते, दुपारी भाकर तिथेच खाते. तिला ‘जेवणानंतर दोन तासांनी’ म्हणजे काय सांगायचं? आमच्या एका आशाने तोड काढली. लाल गोळी झोपायच्या जागेपाशी, पांढरी भाकरीच्या टोपल्यापाशी. घड्याळ नको, काही नको. तालुक्याच्या बैठकीत हे सांगितलं तर साहेब म्हणाले, याचा नमुना कुठे आहे? नमुना म्हणजे फॉर्म.

शब्दांचं तर विचारूच नका. आमच्याकडे ‘सॅम’ आणि ‘मॅम’ चालतं, म्हणजे तीव्र कुपोषित आणि मध्यम कुपोषित. एका आईला सांगितलं, ‘तुझं पोर सॅममधून मॅममध्ये आलं.’ तिला वाटलं यादीत गाव बदललं, आता रेशनचं काय होणार. त्याऐवजी दंडाची पट्टी बघा. दंडाला गुंडाळायची, लाल आलं की पळायचं, पिवळं आलं की लक्ष द्यायचं, हिरवं आलं की बरं. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल. आकडा आईला माहीत असायची गरजच नाही. काही ठिकाणी आता पट्टी आयांच्याच हातात देतात. माझ्या भागात दोन आयांनी शेजारणीच्या पोराचा दंड मोजून मला निरोप पाठवला होता. याला साक्षरता नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

पुणेरी_नाही

दंडाची पट्टी भारीच. एक सुचवू का? आता सगळीकडे मोबाइल आहेत. त्यांच्या बोलीत ऑडिओ ॲप केलं तर? मी आयटीत आहे, फुकट करून देईन.

गटप्रवर्तक

दादा, मनापासून आभार. मोबाइल घरात आहे, नवऱ्याच्या खिशात. नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत, मोबाइल त्याच्यासोबत.

हिरडा

@पुणेरी_नाही, आवाजातली माहिती ही कल्पना चांगली आहे आणि नवी नाही. केंद्र सरकारची ‘किलकारी’ २०१६ पासून आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ ध्वनिसंदेश फोनवर येतात. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्वतः वापरायला स्वतःचा फोन असलेल्या बायका ५४ टक्के निघाल्या. हा सगळ्या बायकांचा आकडा आहे. शिवाय रेकॉर्ड केलेल्या आवाजाला उलट प्रश्न विचारता येत नाही. चित्रकथी म्हणतायत तीच दुसरी पायरी पुन्हा हुकते.

छत्तीसगढमध्ये ‘सीजीनेट स्वरा’ने २०१० पासून जे केलं ते मला जास्त आवडतं. साध्या फोनवरून लोक स्वतःच्या बोलीत, गोंडीतही, बातमी आणि तक्रार बोलून नोंदवू लागले. माहिती खालून वर गेली. आरोग्यासाठी तसं काही झालं तर बघा.

खवचट

सगळं फार छान छान चाललंय. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देतात त्याचं काय? मेळघाटातच देतात, डंबा म्हणतात त्याला. पेपरात दरवर्षी एक तरी बातमी असते. तिथे कसली माहिती आणि कसली साक्षरता. भूमकाला (तिथला वैदू-मांत्रिक) आत टाका, आपोआप कळेल. आपल्याला अंधश्रद्धेला अंधश्रद्धा म्हणायची लाज का वाटते?

मेळघाटी

@खवचट, तुमचा आयडी सार्थ आहे. डंब्याचं समर्थन मी करत नाही. माझ्या धाकट्या मामाच्या पोटावर त्या खुणा आहेत आणि तो वाचला तो नशिबाने. चटक्याने बाळाला इन्फेक्शन होतं आणि दवाखान्यात न्यायची वेळ निघून जाते.

पण डंबा कधी देतात ते तुम्ही विचारलंय का कुणाला? बाळाचं पोट फुगतं, कातडीवर निळ्या शिरा दिसायला लागतात, बाळ दूध ओढत नाही. तेव्हा देतात. आता एखाद्या बालरोगतज्ज्ञाला विचारा, तान्ह्या बाळाचं पोट फुगणं आणि दूध सोडणं ही धोक्याची लक्षणं आहेत की नाहीत. आजीने लक्षण बरोबर ओळखलंय, वेळही बरोबर ओळखलीय. उपाय तेवढा चुकीचा. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं तिला ‘अडाणी’ म्हणून सुरुवात करतात, म्हणजे तिला जे बरोबर कळतं तेच आधी नाकारतात. एक जुनी नर्सबाई होती (आता निवृत्त). ती म्हणायची, ‘शिरा दिसल्या? शाब्बास, नजर चांगली आहे तुझी. आता विळा नको, गाडी बोलाव.’ तिच्या गावांत डंबे कमी झाले असं माझं निरीक्षण आहे. आकडा माझ्याकडे नाही.

भूमकाबद्दल. तो रात्री दोन वाजता घरी असतो, कोरकूत बोलतो, बाईच्या सासूला नावाने ओळखतो, पैसे नंतर घेतो, कोंबडीही चालते. आणि पाऊण तास ऐकतो. आरोग्य केंद्रात पाऊण मिनिट मिळालं तर मिळालं. म्हणून भूमकाला आत टाकण्यापेक्षा त्याने पेशंट दवाखान्यात आणावा म्हणून खुद्द सरकारनेच मेळघाटात त्याला सोबत घ्यायचा प्रयत्न केलाय. काही भूमके आणतात. काही आधी आपला विधी उरकतात आणि मग आणतात. मी म्हणतो, आणतात ना.

स्टेथोस्कोप

पाऊण मिनिटाचा टोला लागला. बरोबर आहे. मी बंधपत्रित सेवेत वर्षभर आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रात होतो. नियमाने डोंगरी-आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र. बाजाराच्या दिवशी ओपीडीत शंभराच्या वर माणसं, इतर दिवशी माश्या. बाजाराच्या दिवशी कोण काय समजावणार.

पण माझी खरी फजिती झाली ती सिकलसेलमध्ये, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारात. नवरा-बायको दोघंही वाहक, म्हणजे स्वतःला सहसा त्रास नाही, पण मुलाला देऊ शकतात. पहिली मुलगी आजारी. मी पाठ्यपुस्तकातलं सांगितलं, चारात एक मूल आजारी निघू शकतं. बाईने मान डोलावली. दोन वर्षांनी दुसरं मूल झालं, तेही आजारी. ती मला म्हणाली, डॉक्टर, तुम्ही तर चारात एक म्हणाला होता, आमचं एक झालं होतं की!

तिने ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि हिशेबही केला होता. एक झालं, आता तीन चांगले. चूक माझ्या वाक्यात होती. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते, हे ‘चारात एक’मधून कळतच नाही. मला वाटतं एमबीबीएसच्या निम्म्या वर्गालाही ते नीट सांगता आलं नसतं.

मग मी बिया वापरायला लागलो. आईच्या मुठीत एक काळी बी, एक पांढरी. बापाच्या मुठीत तशाच. न बघता दोघांनी एकेक काढायची. दोन्ही काळ्या आल्या तर पोर आजारी, एक काळी एक पांढरी आली तर आईबापासारखं, म्हणजे वाहक, त्रास सहसा नाही. दोन्ही पांढऱ्या तर मोकळं. आणि मुख्य म्हणजे खेळ झाला की बिया परत मुठीत टाकायच्या. तो ‘परत टाकायच्या’चा भाग हाताने केला की कळतो. दहा वेळा काढून बघायला लावायचो. एका बाईला सलग तीनदा दोन काळ्या आल्या आणि ती एकदम गप्प झाली. त्यानंतर तिने जे प्रश्न विचारले ते मला कोणत्याच शिबिरात कुणी विचारले नव्हते. पोटात असताना कळतं का, कुठे कळतं, किती पैसे लागतात, सासूला काय सांगू.

सरकारचं राष्ट्रीय सिकलसेल अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, तीन वर्षांत सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. तपासणी होईल. कार्डं वाटली जातील. ‘वाहक’ या शब्दाचं काय करणार? लोक ऐकतात ‘रोग’. माझ्या वेळी वाहक मुलीचं लग्न मोडल्याचं एक आणि वाहक मुलाचं कार्ड चुलीत घातल्याचं एक, अशी दोन प्रकरणं मी स्वतः पाहिली. मुलाचं लग्न मात्र झालं.

आणि हो, ‘समजलं का?’ मीही विचारायचो. नंतर बदललं. ‘आता घरी गेल्यावर सासूला काय सांगशील?’ असं विचारायला लागलो. तिने सांगितलं की माझ्या बोलण्यातली भोकं मलाच दिसायची. दीड मिनिट जास्त लागतं.

गणित_कच्चं

बिया परत मुठीत टाकायच्या! मला आत्ता कळलं. आयडी सार्थ आहे माझाही.

खवचट

स्टेथोस्कोप यांचा प्रतिसाद आवडला. मेळघाटींचाही, नाइलाजाने.

मोहफूल

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी नंदुरबारमधल्या अक्राणी तालुक्यातली, पावरा आदिवासी. नर्सिंग केलंय, आता नाशिकला असते. तुम्ही सगळे चांगलं लिहिताय, पण धाग्यात ‘त्या बायका’, ‘त्यांना’ असं इतक्या वेळा आलंय की मला माझ्या आईसोबत बाकावर बसवून कुणीतरी आमच्याबद्दल आमच्यासमोर बोलतंय असं वाटायला लागलं. राग नाही. सांगितलं एवढंच.

आईची गोष्ट सांगते. तिला कित्येक वर्षं अंगावर पांढरं जायचं, कंबर भरून यायची. तालुक्याला दाखवायला नेलं तेव्हा मी सातवीत होते. डॉक्टर मराठीत विचारणार, आईला पावरी येते आणि थोडी अहिराणी. मग मधे बोलायला कोण? माझा चुलतभाऊ, वय सतरा. आई त्याच्यासमोर काय सांगणार? म्हणाली, पाठ दुखते. डॉक्टरांनी पाठीच्या गोळ्या दिल्या. केसपेपरवर ‘पाठदुखी’ असंच लिहिलं असणार. उद्या कुणी त्या केसपेपरवरून अभ्यास केला तर म्हणेल, आदिवासी बायकांना स्वतःचा आजार सांगता येत नाही.

आईला सगळं माहीत होतं. कधीपासून आहे, पाळीच्या आधी वाढतं की नंतर, कुठली साल उकळून घेतली की चार दिवस बरं वाटतं. तिच्याकडे माहिती होती, ती सांगायला बाई नव्हती. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली होती, तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नर्सिंगला असताना वाचला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाले आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो वाचून मला पहिल्यांदा वाटलं की आई एकटी नव्हती.

दुसरं. तुम्ही सगळे आजाराच्या माहितीबद्दल बोलताय. आमच्या पाड्यावरच्या बाईला कुठली माहिती हवी असते ते सांगू? डॉक्टर कुठल्या वारी असतात. बाई डॉक्टर आहे का. गाडी रस्त्यापर्यंत येईल, पण पाड्यापासून रस्त्यापर्यंत झोळी कोण उचलणार (तुमच्या पेपरवाल्यांनी त्याला ‘बांबुलन्स’ असं गमतीशीर नाव ठेवलंय. उचलणाऱ्याच्या खांद्याला विचारा गंमत). रात्री सासूला थांबू देतात का. परत यायला गाडी मिळते का की आपलं आपण. तिथे ओरडतात का. बाळाची नाळ आम्हाला देतात का. या प्रश्नांचा तक्ता मी अजून कुठल्याही भिंतीवर पाहिला नाही. भिंतीवर असतं ‘संस्थात्मक प्रसूती, सुरक्षित प्रसूती’. ‘संस्थात्मक’!

आणि जिथे खरंच वाचावं लागतं ते म्हणजे योजनेचे कागद. दवाखान्यात बाळंत झालं की जननी सुरक्षा योजनेचे सातशे रुपये खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं पाहिजे, आधारवर माहेरचं नाव, कार्डावर सासरचं. माझ्या वहिनीला आजार सगळा कळला होता. तिला सातशे रुपये का आले नाहीत ते कळलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही आणि मी पदवीधर आहे.

चित्रकथी

मोहफूल, ‘त्या’ बद्दल माफ करा. बोच बरोबर जागी लागली. आणि प्रश्नांच्या तक्त्याची कल्पना मी उचलते आहे, चालेल ना?

गटप्रवर्तक

मोहफूलताई, नाळेचं खरं आहे. आमच्याकडे दोघीजणी फक्त तेवढ्यासाठी घरी बाळंत झाल्या. शेवटी नर्सबाईला सांगून नाळ डब्यात घालून द्यायला लावली तेव्हा तिसरी आली. परिपत्रकात असलं काही नसतं.

हिरडा

मोहफूल यांच्या प्रतिसादानंतर अभ्यासांचं बोलायला संकोच वाटतो, तरी एक सांगतो, कारण ते त्यांच्याच मुद्द्याला धरून आहे.

झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात ‘हो’, संथाळ, मुंडा, उरांव अशा बहुतांशी आदिवासी वस्त्यांत बायकांचे गट चालवले. पश्चिम सिंहभूम, सराईकेला-खरसावां आणि केओंझर हे तीन जिल्हे. महिन्यातून एक बैठक, गावातलीच एक बाई चालवणार. भाषण नाही. एखादं बाळ दगावल्याची गोष्ट सांगायची, मग ‘असं का झालं?’ विचारत मागे मागे जायचं. चित्रांचे पत्ते असत, पण ते बायकांनी लावायचे, क्रम त्यांनी ठरवायचा. मग आपल्या गावात काय करता येईल तेही त्यांनीच ठरवायचं. तीन वर्षांचं मिळून नवजात बालमृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्के कमी, आणि फक्त शेवटची दोन वर्षं धरली तर ४५ टक्के. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ला आलं. त्याआधी नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात अशाच गटांनी ३० टक्के घट दाखवली होती, तो अभ्यास २००४ चा.

एकजुटच्या अभ्यासात दवाखान्यात जाण्याचं प्रमाण फारसं बदललं नाही. बदल झाला तो घरात. हात धुणं, नाळेला स्वच्छ दोरा, बाळाला नुसतं आईचं दूध. जे हातात होतं ते बायकांनी बदललं, जे हातात नव्हतं (रस्ता, गाडी, डॉक्टर) ते बैठका घेऊन कसं बदलणार? पहिलं वर्ष जवळजवळ कोरडं गेलं, हेही ध्यानात घ्या. आपल्याकडे सहा महिन्यांत ‘परिणाम काय?’ म्हणून विचारणा येते.

गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे म्हणून लांबवत नाही. ३९ गावांत गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ चा निबंध. त्यावरूनच पुढे आशांना घरी जाऊन बाळ बघायचं काम आलं. त्यांच्या दवाखान्याचं नावही लोकांच्या देवीवरून, माँ दंतेश्वरी.

पुणेरी_नाही

म्हणजे ॲप नको.

हिरडा

ॲप करा ना. १०८ वर फोन केल्यावर गाडी कुठवर आली ते पाड्यावर कुणालातरी कळेल असं. मोहफूल यांची यादी घ्या, तिच्यातले तीन प्रश्न सोडवा.

मेळघाटी

त्याआधी रेंज.

स्टेथोस्कोप

जरा अवांतर. ‘लिटर’चं कुणी काय केलंय? ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं असतं. घरात लिटरचं माप नसतं. पाणी कमी घेतलं तर मीठ-साखर जास्त होऊन बाळाला उलट त्रास. माझ्या केंद्रात बायका पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट टाकताना मी पाहिल्यात, औषध कडक केलं की लवकर गुण येतो म्हणून.

गटप्रवर्तक

थंड पेयाची रिकामी बाटली. बाजारातून आलेली एक तरी प्रत्येक घरात असते. लिटरची बघून घ्यायची, गळ्याशी दोरा बांधून ठेवायची. फक्त आधी कशाला वापरली होती ते विचारायचं, काही घरांत फवारणीचं औषध आणतात तीत.

चित्रकथी

उत्तर द्यायला उशीर झाला, मधे होळीच्या आठवड्यात पुन्हा त्या गावाला जाऊन आले. कामावर बाहेर गेलेली माणसं तेव्हा परतलेली असतात, म्हणून तेव्हाच बोलावलं. त्याच आजी होत्या. या वेळी मी काही समजावलं नाही. कोरे कागद आणि चौकटींचे सुटे तुकडे नेले, ‘यातलं काय ठेवू, काय टाकू’ एवढंच विचारलं. बाळ सगळ्यात आधी गेलं. दमलेली बाईही गेली. त्यांच्या मते ती दमलेली दिसत नव्हती, रुसलेली दिसत होती. दम कसा दाखवायचा यावर बराच वेळ वाद झाला. एकीने उठून करून दाखवलं: डोक्यावर मोळी, चढावर मधेच थांबलेली, एक हात गुडघ्यावर. मी ते रेखाटलं. मग बाळंतपणातलं रक्त कसं दाखवायचं यावर सगळ्या इतक्या मोकळेपणाने बोलायला लागल्या की बरोबरचे कार्यकर्ते सर बाहेर जाऊन उभे राहिले.

तर आता नवी पट्टी तीन चौकटींची आहे. मोहफूल, तुमच्या भागात चालेल का ते कळत नाही. पाठवू का? आईंना दाखवाल?

मोहफूल

पाठवा. रविवारी घरी जाणार आहे. मी तिला काही सांगणार नाही, नुसती हातात देईन.

खवचट

मलाही उत्सुकता आहे. (गंभीरपणे.)

मोहफूल

दाखवली. रक्ताची चौकट तिला लगेच कळली, काही बोलावं लागलं नाही. गोळीही कळली, म्हणाली संडास काळी होते ती. चढावरच्या बाईपाशी मात्र थांबली. एवढी मोळी घेऊन कोणी असं थांबत नाही म्हणाली, थांबायचं तर मोळी आधी झाडाला टेकवतात, नाहीतर परत डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते. तुमच्या चित्रात झाड नाही आणि दुसरी बाईपण नाही.